पिकअपला मागे हवेच्या हेल्पर बॅगा बसवायच्या असतील तर: माप घेण्यापासून हवा भरेपर्यंत सगळं

पिकअपच्या हौद्यात बऱ्यापैकी माल टाकला किंवा मागे ट्रेलर लावला की गाडी मागून बसते, बोनेट वर येतं, समोरून येणारा लाइट मारून सांगतो की तुमचे हेडलाइट डोळ्यात जातायत, आणि खड्डा आला की खालून ठक्क आवाज येतो कारण ॲक्सल थेट बंप स्टॉपला, म्हणजे ॲक्सल चासीवर आदळू नये म्हणून लावलेल्या रबराला, जाऊन आपटतो. याच्यावर बरेच जण पाटे वाढवतात, पण मग रिकामी गाडी बैलगाडीसारखी उडते. हवेच्या हेल्पर बॅगेचा फायदा हाच की वजन असेल तेव्हा हवा भरायची, वजन उतरलं की हवा काढायची, पाटे आहेत तसेच राहतात.

बॅग म्हणजे जाड रबराचा, आत दोऱ्यांचे थर असलेला फुगा, बहुतेक किटमध्ये दोन मजली असतो, एकावर एक दोन टायर ठेवल्यासारखा दिसतो. एक डावीकडे, एक उजवीकडे, वरचं टोक चासीला, खालचं टोक पाट्यावर किंवा ॲक्सलवर. जिथे कंपनीचा बंप स्टॉप असतो बरोबर तिथेच ती बसते, म्हणून बहुतेक गाड्यांना चासीत भोक पाडायची वेळच येत नाही. काम अवघड नाही, साधे पाने-गोट्या हाताळता येणाऱ्या माणसाचं एका दिवसाचं काम आहे. पण यात जे बिघडतं ते बोल्ट आवळताना नाही बिघडत, नळी कापताना, जागा सोडताना आणि ब्रेककडे दुर्लक्ष केल्यावर बिघडतं, म्हणून मी त्या ठिकाणी जास्त वेळ घेणार आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा

बॅग लावल्याने गाडीची वजन उचलायची क्षमता वाढत नाही. एअर लिफ्ट कंपनीच्या लोडलिफ्टर ५००० किटच्या नावात ५००० आहे, म्हणजे पाउंड, साधारण २२६८ किलो, आणि लोक तो आकडा वाचून समजतात की आता तेवढं वजन जास्त टाकता येईल. अजिबात नाही! तो आकडा बॅगांचा आहे, तुमच्या ॲक्सलचा, बेअरिंगचा, टायरचा, ब्रेकचा नाही. दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात मागच्या ॲक्सलची जी मर्यादा लिहिली आहे तीच कायम. उलट बॅगेमुळे धोका असा होतो की गाडी बसलेली दिसत नाही, त्यामुळे जास्त वजन झालंय हे डोळ्याला कळतच नाही. शंका असेल तर काट्यावर नेऊन मागचा ॲक्सल वेगळा तोलून घ्या.

दुसरं म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी. समजा हुकवर २०० किलो भार येतोय, हुक मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३.२ मीटर आहे. तरफेच्या हिशोबाने पुढच्या चाकांवरून ७५ किलो उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर २०० नाही, २७५ किलो येतात. बॅगेत हवा भरून तुम्ही गाडी सरळ केलीत तरी ते ७५ किलो पुढे परत जात नाहीत, स्टेअरिंग हलकं लागायचं ते लागतंच. ते वजन पुढे ढकलायचं काम वजन वाटून देणाऱ्या हुकचं, म्हणजे वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं, बॅगेचं नाही.

आणि तिसरं, चासी वाकणं. पाटा चासीला दोन ठिकाणी धरतो, पुढच्या हँगरला आणि मागच्या शॅकलला, म्हणजे भार दोन जागी वाटला जातो. बॅग तोच भार ॲक्सलच्या बरोबर वर एका टिंबावर ढकलते. हौदा ॲक्सलच्या मागे लांब गेलेला असेल, मागच्या टोकाला जड सामान, त्यात हुकवर ट्रेलर आणि बॅगा टम्म फुगवलेल्या, मग खराब रस्त्यावर चासी त्या टिंबाशी वाकल्याच्या घटना झालेल्या आहेत, खास करून डबल कॅब गाड्यांमध्ये. म्हणून जड वस्तू ॲक्सलच्या पुढे, केबिनच्या पाठीला लावून ठेवा आणि गरजेपुरतीच हवा भरा.

काम सुरू करण्याआधी माप

गाडी रिकामी, सपाट जमिनीवर. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजा, चारही चाकांचं, आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका कारण टायरमधली हवा कमी-जास्त झाली की माप बदलतं. मग नेहमीचं वजन टाकून परत मोजा. समजा रिकामी असताना मागे ५२० मिमी आणि भरल्यावर ४५० मिमी, तर गाडी ७० मिमी बसते. हा कागद जपून ठेवा, शेवटी हवा किती भरायची ते हाच ठरवणार आहे.

आता खाली झोपून टॉर्चने बघा. बंप स्टॉप कुठे आहे, सायलेन्सरचा पाइप कुठल्या बाजूने जातो, ॲक्सलच्या नळीवरून ब्रेकची लोखंडी लाइन कशी गेलीय, हँडब्रेकची केबल, एबीएसची वायर, डिझेल-पेट्रोलची लाइन. दोन-चार फोटो काढून ठेवा, नंतर काही क्लिप सोडवावी लागली तर तशीच परत बसवता येते. बोल्टला गंज असेल तर आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. किट घेताना तुमच्याच गाडीच्या मॉडेलचं, वर्षाचं आणि फोर बाय फोर की फोर बाय टू ते बघून घ्या, कारण ब्रॅकेट त्याच्यावर ठरतात, बॅग सगळीकडे जवळपास सारखीच असते.

गाडी उचलणं

मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा काही उपयोग राहत नाही, कारण बहुतेक पिकअपला हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा, चांगले जड लाकडी ठोकळे, विटा नकोत, विटेचा भुगा होतो. चाकांचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग मागून जॅकने उचला आणि घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, चासीखाली लावा, मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरच्या जरा पुढे. जॅक मात्र ॲक्सलखाली राहू द्या, त्याने ॲक्सल हळूहळू खाली सोडायचा म्हणजे बॅगेला जागा होते. खाली सोडताना ब्रेकच्या रबरी होजकडे नजर ठेवा, ती ताणली जायला लागली की तिथेच थांबा. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, दोन मिनिटांसाठी सुद्धा नाही.

चाकं काढली तर काम फार मोकळेपणाने होतं, स्टेपनी खाली लटकत असेल तर ती पण उतरवून बाजूला ठेवा.

बंप स्टॉप काढून बॅग जोडणं

बंप स्टॉप बहुतेक वेळा एका बोल्टवर असतो, काही गाड्यांत रबर नुसतं कपात दाबून बसवलेलं असतं, ते पहारीने उचकटलं की निघतं. काढलेलं टाकून देऊ नका, उद्या बॅगा काढाव्या लागल्या तर ते परत लागणार.

बॅग गाडीखाली न्यायच्या आधी टेबलावरच जेवढं जोडता येईल तेवढं जोडा. वर-खाली लोखंडी गोल ताटल्या येतात, रबर त्यांच्यावर लोळतं, त्यांची गोल वळवलेली कड बॅगेकडे असायला पाहिजे, उलटी लागली तर धार रबर कापते. ब्रॅकेट बॅगेला ज्या बोल्टने लागतं त्याचे आटे बॅगेच्या टोकातल्या छोट्या नटमध्ये असतात, तो नट जोर लावला तर आतल्या आत फिरतो आणि मग बॅग गेली. इथे इम्पॅक्ट गन लावायची नाही, हाताने आवळा आणि किटच्या कागदावर जो टॉर्क दिलाय तेवढाच टॉर्क रेंचने द्या.

मग हवेचा कोपऱ्यासारखा फिटिंग. त्याच्या आट्यांवर बहुतेक वेळा रंगीत सीलंट आधीच लावलेलं असतं, मग वरून टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. बोटांनी जेवढा जाईल तेवढा फिरवा, त्यानंतर पान्याने दीड आटा. बस. त्याचं तोंड कुठल्या दिशेला हवं ते आधी ठरवा म्हणजे नळी सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने निघेल.

आता बॅग हाताने दाबून चपटी करा, हवा निघून जाऊ द्या, आणि चासी-ॲक्सलच्या मधे सरकवा. आधी वरचं ब्रॅकेट चासीला, मग खालचं पाट्यावर. सगळे बोल्ट फक्त हाताने लावायचे, एकही आवळायचा नाही, कारण बॅग उभी सरळ यायला ब्रॅकेट थोडं पुढे-मागे सरकवावं लागतं, त्यासाठीच भोकं लांबट दिलेली असतात. खालच्या ब्रॅकेटला ॲक्सलभोवती यू बोल्ट किंवा पट्टी येते, ती ब्रेकच्या लोखंडी लाइनच्या खालून, म्हणजे लाइन आणि ॲक्सलच्या मधून घालायची. लाइन दाबली जात असेल तर तिची क्लिप सोडून लाइन हलकेच वर उचलून घ्या, वाकवून घडी पाडू नका. हे एक ठिकाण असं आहे की जिथे घाई केली तर सहा महिन्यांनी ब्रेक ऑइल गळेल आणि कशाने ते कळणार पण नाही.

सगळं लागलं की जॅकने ॲक्सल वर उचलून गाडीचं वजन पाट्यांवर घ्या, बॅगेत साधारण १० पीएसआय हवा टाका आणि मागून, बाजूने नीट बघा. वरची ताटली आणि खालची ताटली एकमेकींच्या बरोबर वर-खाली आहेत का, बॅग तिरकी किंवा एका बाजूला फुगलेली तर नाही ना. थोडा फरक चालतो, पण एस अक्षरासारखी वाकली असेल तर ब्रॅकेट सरकवा. चहूबाजूंनी निदान १२-१३ मिमी मोकळी जागा पाहिजे, तीसुद्धा बॅग पूर्ण फुगल्यावर, कारण १० पीएसआयला दिसणारी जागा ८० ला राहत नाही. टायरच्या आतल्या कडेला तर याहून जास्त जागा सोडा. सरळ आहे अशी खात्री झाली की मग टॉर्कने आवळा, यू बोल्टचे चारही नट थोडे थोडे, आळीपाळीने, दोन्ही बाजूला आटे सारखे बाहेर दिसेपर्यंत.

सायलेन्सर बॅगेपासून १५० मिमीच्या आत असेल तर किटसोबत येणारा पत्र्याचा हीट शील्ड पाइपला लावायलाच पाहिजे. उष्णतेने रबर आधी कडक होतं मग त्याला बारीक चिरा पडतात.

नळी: सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

हवेची नळी म्हणजे पाव इंची नायलॉनची, साधी प्लास्टिकची नाही. ती आडवी, बरोबर काटकोनात, एका दमात कापायची, नव्या ब्लेडने. मी पहिल्यांदा बॅगा लावल्या तेव्हा नळी साध्या कटरने कापली होती, तोंड किंचित चपटं झालं होतं, डोळ्याला जेमतेम दिसेल इतकं. संध्याकाळी दोन्ही बॅगा सारख्या होत्या, सकाळी उजवी बाजू दोन बोटं खाली बसलेली, चार दिवस मी बॅगच फुटली असं समजत होतो. शेवटी नळी काढून भिंगाखाली धरली तर टोकाला एक उभी रेघ, नखाने पण लागत नव्हती, तिच्यातून रात्रभर हवा जात होती. तेवढा अर्धा इंच तुकडा ब्लेडने कापून टाकला आणि काम झालं.

फिटिंगमध्ये नळी सरळ घालून थोडी फिरवत दाबायची, आत आपटल्यासारखं वाटेपर्यंत, साधारण १४ मिमी आत जाते. घालण्याआधी नळीवर पेनने १४ मिमीवर खूण करा, खूण फिटिंगच्या तोंडाशी आली म्हणजे पूर्ण बसली. मग हलकेच ओढून बघा. काढायची असेल तर आधी सगळी हवा सोडा, फिटिंगची रिंग आत दाबून धरा आणि नळी ओढा.

दोन बॅगांना दोन वेगळ्या नळ्या आणि दोन वेगळे वॉल्व्ह, माझं मत ठाम आहे. टी लावून एकच वॉल्व्ह केला तर हवा भरणं सोपं होतं खरं, पण वळणावर बाहेरच्या बाजूची बॅग दबते आणि तिच्यातली हवा आतल्या बाजूच्या बॅगेत पळते, म्हणजे जिथे आधार पाहिजे तिथूनच जातो आणि गाडी जास्त कलते. वेगळ्या नळ्या असल्या की एका बाजूला पाण्याची टाकी किंवा अवजारांची पेटी असेल तर त्या बाजूला दोन-चार पीएसआय जास्त देता येतात.

नळी चासीच्या आतल्या बाजूने न्या, धारदार कडेवरून जात असेल तिथे वर जुन्या होजचा तुकडा चढवा, सायलेन्सरपासून इथेही १५० मिमी लांब, आणि ॲक्सलजवळ थोडी ढील सोडा कारण ॲक्सल वर-खाली होतो. प्लास्टिकची टाय फार करकचून ओढू नका, नळी चिमटते. वॉल्व्हसाठी ८ मिमीचं भोक लागतं, नंबरप्लेटच्या शेजारी बंपरमध्ये केलं तर चिखल कमी लागतो आणि हवा भरणाऱ्याला वाकावं लागत नाही. चासीत भोक पाडायचं असलंच तर मागच्या बाजूला काय आहे ते हात घालून बघा, टाकी आणि इंधनाची लाइन बऱ्याचदा तिथेच असते, आणि पाट्याला तर भोक, वेल्डिंग काहीच करायचं नाही, पाटा तिथेच तुटतो.

गळती

एक भाग भांड्याचा साबण, चार भाग पाणी, स्प्रेच्या बाटलीत. ३० पीएसआय भरा आणि प्रत्येक जोडावर मारा, बॅगेच्या तोंडाशी, वॉल्व्हच्या पिनवर सुद्धा. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते, बारीक गळतीला एक-दोन मिनिटं लागतात आणि तिथे पांढरा बारीक फेस जमतो, म्हणून मारून लगेच पुढे जाऊ नका. मग रात्रभर ठेवा. सकाळी गेज लावल्यावर २ ते ४ पीएसआय कमी दिसले तर घाबरू नका, गेज लावताना आणि नळीत भरताना तेवढी हवा जाते. ५ पेक्षा जास्त गेली तर कुठेतरी जोड गळतोय.

किती हवा भरायची

हिशोब साधा आहे, दाब गुणिले क्षेत्रफळ. समजा बॅगेचा कामाचा व्यास ६ इंच, म्हणजे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस इंच. १० पीएसआयला एक बॅग २८० पाउंड म्हणजे जवळपास १२७ किलो उचलते, दोन मिळून २५४ किलो. उंची बदलली की क्षेत्रफळही बदलतं त्यामुळे हा फक्त अंदाज, पण यावरून कळतं की थोड्या दाबात किती फरक पडतो. म्हणून ५-५ पीएसआयने भरत जा आणि प्रत्येक वेळी तो कागद आणि टेप काढा. वजन आधी टाका, हवा नंतर. आपल्या उदाहरणात ४५० वरून ५२० पर्यंत आणलं की झालं, त्याच्या वर नेऊ नका, मागून चढलेली गाडी ब्रेक मारल्यावर पुढे जास्त झुकते आणि मागची चाकं हलकी होतात. नेहमीच्या वजनाला किती पीएसआय लागले ते वॉल्व्हजवळ लिहून ठेवा.

रिकाम्या गाडीत हवा कमी करा पण शून्य नाही. लोडलिफ्टर ५००० असो की फायरस्टोनचं राइड-राइट, ५ पीएसआय कमीत कमी आणि १०० जास्तीत जास्त. अगदी हवा नसताना रबर दोन ताटल्यांमधे चिमटतं आणि घासून फाटतं. ज्या बॅगेत आतच बंप स्टॉप बसवलेला असतो, जसं लोडलिफ्टर ५००० अल्टिमेट, ती मात्र हवा नसताना चालवली तरी टिकते.

ब्रेक आणि हेडलाइट

बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग वॉल्व्ह असतो. चासीला लावलेला वॉल्व्ह आणि तिथून एक दांडी किंवा स्प्रिंग ॲक्सलपर्यंत गेलेली, खाली बघितलं की लगेच ओळखू येते. गाडी बसली की दांडी वर जाते, वॉल्व्ह समजतो वजन आहे आणि मागच्या चाकांना ब्रेकचा दाब पूर्ण देतो. आता तुम्ही बॅगेने गाडी वर उचललीत, माल तर भरलेला आहे पण वॉल्व्हला वाटतंय गाडी रिकामी आहे, म्हणजे जेव्हा मागच्या ब्रेकची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच तो दाब कमी करतो. हे मी बघितलेल्या बहुतेक जोडण्यांमध्ये कोणी तपासलेलंच नसतं. दांडी दिसली तर ब्रेकचं काम नीट जाणणाऱ्या मेकॅनिककडून, वजन भरून आणि बॅगेत हवा ठेवून, ती सेट करून घ्या, अंदाजाने स्वतः दांडी वाकवू नका. हा वॉल्व्ह नसेल आणि ब्रेकचं वाटप इलेक्ट्रॉनिक असेल तर हा प्रश्न येत नाही.

हेडलाइट वजन भरून, हवा भरून, भिंतीसमोर गाडी उभी करून एकदा बघून घ्या.

नंतरची देखभाल

पहिल्या आठवड्यात सगळे नट टॉर्कने परत तपासा, यू बोल्ट तर नक्की, ते बसल्यावर थोडे सैल पडतात. थंडी पडली की दाब आपोआप उतरतो, तेव्हा गेज लावा. धुताना बॅगेच्या दोन मजल्यांमधल्या खाचेत पाण्याचा फवारा मारून चिखल-खडी काढा, तिथे अडकलेला एक खडा रबराला रोज थोडा थोडा खातो. साबण-पाणी चालतं, डिझेल किंवा पेट्रोलने पुसायचं नाही.

आणि पंक्चर झालं आणि चासीला जॅक लावून गाडी उचलायची वेळ आली, तर आधी बॅगांची हवा ५ पीएसआयवर आणा, नाहीतर लटकलेल्या ॲक्सलने भरलेली बॅग ताणली जाते. शक्यतो जॅक ॲक्सलखालीच लावा. टायरवाल्याकडे गाडी दिली तर हे त्याला आधीच सांगून ठेवा.